मुलांना नागरिकत्व सांगताना जात लपवायची का?

नागरिकत्वाची शपथ घेऊन आम्ही दोघे सभागृहाबाहेर आलो. हातात प्रमाणपत्र होते आणि कागदी झेंडा. आमच्या दहा वर्षांच्या मुलीने विचारले, "आई, म्हणजे आता तू आणि पप्पा इंडियन नाही?" ती इथेच, न्यू जर्सीत जन्मली. आमच्या घरातली पहिली अमेरिकन नागरिक तीच. आम्ही मात्र आधी एच-१बी, मग ग्रीन कार्डची रांग, मग परीक्षा आणि शपथ असे करत तिच्या दहा वर्षे मागून पोहोचलो. त्या दिवशी आम्ही तिला "आपण दोन्ही आहोत" असे काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

पण पुढच्याच महिन्यात शाळेतून कागद आला. प्रत्येक मुलाने आपल्या घराण्याचा वारसा सांगणारे पोस्टर करायचे होते. भारतीय पालकांचा व्हॉट्सॲप गट लगेच जागा झाला. दिवाळी, रांगोळी, गणपती, योग, शाकाहार, भरतनाट्यम्. एकाने "आपले कल्चर" म्हणून अख्खी यादीच टाकली. मुलीने यादी वाचली आणि म्हणाली, "यातलं आपल्या घरी तर काहीच नाही. मग आपलं कल्चर काय?"

मित्रांनो, हा प्रश्न फक्त आमच्या घरातला नाही. परदेशात राहणाऱ्या प्रत्येक आंबेडकरी घरात तो आज ना उद्या विचारला जाणार आहे. पुण्या-मुंबईच्या मोठ्या सोसायट्यांत राहून इंग्रजी शाळेत मुले घालणाऱ्या आपल्या भावा-बहिणींच्या घरातही तो येतोच. म्हणून त्याचे उत्तर उघडपणे मांडायचे ठरवले.

आधी आमची चूक कबूल करतो. दहा वर्षे आम्ही मुलीला जात या विषयावर काहीच सांगितले नव्हते. घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, १४ एप्रिलला खीर होते, 'जय भीम' म्हणायला ती शिकली आहे. पण बाबासाहेब कोण, तर "भारताची राज्यघटना लिहिणारे मोठे विद्वान", इतकेच. आमच्या ओळखीची अनेक कुटुंबे असेच करतात. त्यांचे म्हणणे आम्हाला चांगले ठाऊक आहे, कारण कालपर्यंत ते आमचेच होते. ज्या मुलीने जात हा शब्दच ऐकलेला नाही, तिच्या मनात तो आपण कशाला घालायचा? आपल्या आई-बापांनी सोसले, आपण थोडे सोसले, आता ही साखळी इथेच तुटू दे. दोन पिढ्या गप्प राहिलो की अमेरिकेत जात आपोआप मरेल.

हा युक्तिवाद मायेपोटी येतो, म्हणून त्याची टिंगल करणे योग्य नाही. पण तो चुकीचा आहे. गप्प फक्त आपण बसतो. दुसऱ्या घरांत मुलांना जात रोज शिकवली जाते, फक्त तिथे तिचे नाव 'संस्कार' असते, 'कुळाचार' असते, "आपल्यात हे खात नाहीत" असे असते. एका वाढदिवसाला आमच्या मुलीला तिच्या मैत्रिणीच्या आजीने विचारले, "बाळ, पूर्ण नाव काय तुझं? गाव कुठलं?" आडनाव ऐकून त्या थांबल्या, मग म्हणाल्या, "घरी नॉनव्हेज करता ना?" मुलीला यात काही कळले नाही. आम्हाला कळले, आणि आम्ही हसून विषय बदलला. लाज वाटावी असे काही असेल तर ते हेच.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लहानपणीचा एक प्रवास लिहिला आहे. कोरेगावला वडिलांना भेटायला निघालेली भावंडे मसूर स्टेशनवर उतरतात. कपडे नीटनेटके, म्हणून स्टेशनमास्तरला ती ब्राह्मणांची मुले वाटतात. तो विचारतो, तुम्ही कोण? छोटा भीमराव न अडखळता खरे सांगून टाकतो आणि मास्तरचा चेहरा बदलतो. पुढे गाडीवान मिळेना, पाणी मिळेना. त्या वेळी बाबासाहेब जेमतेम आमच्या मुलीच्या वयाचे होते. दहा वर्षांच्या मुलाला "तुम्ही कोण?" असे विचारण्याची ती रीत सव्वाशे वर्षांनी समुद्र ओलांडून न्यू जर्सीच्या दिवाणखान्यात आली आहे. फरक इतकाच की भीमरावाला उत्तर माहीत होते. आमच्या मुलीला आम्ही तेही दिले नव्हते.

जात अमेरिकेत आमच्याबरोबर आली असेही नाही. ती आमच्या फार आधी आली, आणि नागरिकत्वाच्या प्रश्नावर थेट इथल्या सर्वोच्च न्यायालयात उभी राहिली. भगतसिंग थिंड हे पंजाबातले शीख. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकेच्या सैन्यात होते. त्या काळच्या कायद्याने परदेशातून आलेल्यांपैकी 'मुक्त गोऱ्या' माणसांना आणि १८७० पासून आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच नागरिकत्व मिळू शकत होते. थिंड यांच्या बाजूने असा दावा झाला की ते उच्चजातीय आर्य आहेत, म्हणून गोऱ्यांतच मोडतात. पुढे जाऊन असेही मांडले गेले की लग्नसंबंधाच्या बाबतीत उच्चजातीय हिंदू आपल्या देशातल्या मूळनिवासी लोकांकडे त्याच नजरेने पाहतो, ज्या नजरेने गोरा अमेरिकन काळ्यांकडे पाहतो. सरळ अर्थ असा, की आम्हीही तुमच्यासारखाच विटाळ पाळतो, तेव्हा आम्हाला तुमच्या पंक्तीत घ्या. १९२३ मध्ये न्यायालयाने एकमताने हा दावा फेटाळला आणि त्यानंतर आधी मिळालेले नागरिकत्वही अनेक भारतीयांकडून काढून घेण्यात आले. वंशावरून नागरिकत्व नाकारणे हा अन्यायच होता, थिंड यांच्यावरही तो झाला. पण त्या अन्यायाविरुद्ध शस्त्र म्हणून काय उपसले गेले? जात.

याच देशात त्याच्या सात वर्षे आधी, ९ मे १९१६ रोजी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. त्याचा गाभा काय होता? जातीतल्या जातीत लग्न हेच जातिव्यवस्थेचे मूळ यंत्र आहे. म्हणजे दोन्हीकडे विषय एकच, लग्नाची बंदी. एका ठिकाणी ती शुद्धतेचा पुरावा म्हणून गोऱ्या न्यायाधीशांपुढे ठेवली गेली. दुसऱ्या ठिकाणी माणसाला कोंडणारा तुरुंग म्हणून उघडी पाडली गेली. अमेरिकेतल्या भारतीयांचे हे दोन वारसे आहेत. व्हॉट्सॲपच्या यादीत पहिल्याचे गोड रूप असते. दुसरा आपल्याला सांगावा लागतो, कारण तो दुसरे कुणी सांगणार नाही.

आता नागरिकत्वाकडे येऊ. आमच्या मुलीला अमेरिकेने नागरिक का मानले? आम्ही हुशार इंजिनीयर होतो म्हणून नाही. ती या भूमीवर जन्मली म्हणून. आणि भूमीवर जन्मलेला तो नागरिक, हे तत्त्व इथल्या घटनेत शिरले कसे? १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले होते की काळा माणूस, गुलाम असो वा मुक्त, या देशाचा नागरिक होऊच शकत नाही. त्यानंतर यादवी युद्ध झाले, गुलामी संपली आणि १८६८ मध्ये चौदावी घटनादुरुस्ती आली. इथे जन्मलेला आणि इथल्या कायद्याच्या अधिकाराखाली असलेला प्रत्येकजण नागरिक, हे तिने लिहून ठेवले. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आई-बापांच्या पोटी जन्मलेला वाँग किम आर्क चीनहून परतताना बंदरावर अडवला गेला. तो न्यायालयात गेला आणि १८९८ मध्ये जिंकला. आई-बाप परके असले तरी इथे जन्मलेले मूल इथलेच, हे त्या निकालाने पक्के झाले.

आमच्यासारख्यांना या देशाचे दार उघडले ते १९६५ च्या स्थलांतर कायद्याने. त्याच्या आदल्या वर्षी नागरी हक्क कायदा झाला होता आणि त्याच वर्षी मतदान हक्काचा. काळ्या जनतेने रस्त्यावर मार खाऊन, तुरुंगात जाऊन वंशभेदाच्या कायद्यांना जो धक्का दिला, त्याच वातावरणात देशावरून माणसांचे कोटे ठरवणारी जुनी पद्धत गेली. आज अनेक भारतीय घरांत मुलांना "त्यांच्यात मिसळू नकोस" असे काळ्यांबद्दल सांगितले जाते. आपल्याही काही घरांत सांगितले जाते, हे नाकारून चालणार नाही. ज्यांच्या लढ्यामुळे आपल्या मुलांच्या हाती पासपोर्ट आहे, त्यांच्याबद्दल हे बोलणे म्हणजे थिंड यांच्या बाजूने झालेला तो युक्तिवाद आपल्या तोंडाने पुन्हा करणे आहे. बाबासाहेबांना हे नाते कळत होते. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्या जनतेने संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाची प्रत मागवली होती.

हे नागरिकत्व कायमचे सुरक्षित आहे असेही समजू नका. २० जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढला की आई-बाप दोघेही नागरिक वा ग्रीन कार्डधारक नसतील आणि आई बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावर असेल, तर इथे जन्मलेल्या मुलाला नागरिक मानू नये. न्यायालयांनी तो रोखून धरला. पण हाच नियम दहा वर्षांपूर्वी असता तर आमची मुलगी त्यात अडकली असती. तेव्हा आम्ही दोघेही कामाच्या व्हिसावर होतो.

मग मायदेशाचे काय? शपथेनंतर भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, कारण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. घटनेच्या कलम ९ मध्येही स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतलेला माणूस भारताचा नागरिक राहत नाही. ओसीआय कार्ड मिळते, पण मत मिळत नाही. कलम ५ ते ९ उर्वरित घटनेच्या दोन महिने आधी, २६ नोव्हेंबर १९४९ लाच लागू झाली होती. त्यांनी नागरिकत्वाला जन्म, आई-बापांचा जन्म आणि वास्तव्य यांचा आधार दिला, जातीचा किंवा धर्माचा नाही. हिंदू किंवा शीख असणे हाच आधार माना अशी मागणी घटना समितीत झाली होती, ती मान्य झाली नाही. १९८७ पासून भारतात नुसत्या जन्माने नागरिकत्व मिळणे बंद झाले आणि २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात धर्मही आणला. हा उलटा प्रवास आहे, आणि अमेरिकेतही तोच चालू व्हावा म्हणून धडपड चालली आहे. जन्मावरून माणसाचा दर्जा ठरवण्याचा अर्थ आपल्याइतका कुणाला माहीत आहे?

ज्या नागरिकत्वासाठी बाबासाहेब झिजले ते सोडताना आमचा हात थरथरला, हे खरे आहे. गावाकडचे मित्र विचारतात, "बाबासाहेब शिकून परत आले, तुम्ही का नाही आलात?" याला आमच्याकडे सफाई नाही. पोटासाठी आलो, मुलीसाठी राहिलो. १९५६ मध्ये आग्र्याच्या सभेत शिकलेल्या लोकांनी दगा दिल्याची खंत बाबासाहेबांनी बोलून दाखवली होती, ती आम्हालाही लागू होते. पासपोर्ट बदलता येतो. मिलिंद महाविद्यालय आणि भारत सरकारची शिष्यवृत्ती नसती तर आमच्या घरात पहिला पदवीधर झाला नसता, हे बदलता येत नाही. हे देणे फेडायचे आहे, आणि त्यातला पहिला हप्ता म्हणजे पुढच्या पिढीला खरे सांगणे.

आम्ही एका रविवारी मुलीला जवळ घेऊन बसलो. महाडपासून सुरुवात केली. गावाच्या तळ्यावर गुरे पाणी पीत, पण आपल्या माणसांना बंदी होती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. ती पटकन म्हणाली, "रोझा पार्क्ससारखं?" आम्ही म्हणालो, हो, पण अठ्ठावीस वर्षे आधी. मग नागपूर सांगितले. १४ ऑक्टोबर १९५६ ला तिच्या पणजोबांनी अकोल्याहून नागपूर गाठले होते, नव्या पांढऱ्या सदऱ्यात. तिथे लाखो लोकांनी बाबासाहेबांमागून बावीस प्रतिज्ञा म्हटल्या. "तुम्ही घेतली तशी ओथ?" तिने विचारले. अगदी तशीच. आपण कोण हे जन्माने ठरू न देता स्वतः उभे राहून, हात वर करून ठरवणे. शपथेचा तिला कळेल असा अर्थ आम्हालाही तेव्हाच सापडला.

मग तिने जो प्रश्न विचारला, त्याला आम्ही दहा वर्षे भीत होतो. "म्हणजे लोक आपल्याला लो समजायचे?" हो, म्हणालो. अजूनही काही समजतात. "आणि आपण?" आम्ही सांगितले, आपण ते कधी मान्य केले नाही. पणजोबांनी केले नाही, आजोबांनी केले नाही, आम्हीही करणार नाही. ती थोडा वेळ गप्प बसली. रडली नाही, घाबरली नाही. पोस्टरसाठी रंग शोधायला गेली. मूल मोडून पडेल ही आमचीच भीती होती.

पोस्टरवर तळे आले, अशोकचक्र आले, कोलंबियाची इमारत आली, पणजोबा आले. खाली तिने स्वतः वाँग किम आर्कचे नाव लिहिले, कारण "त्याच्यामुळे मी सिटिझन आहे". शाळेत एका भारतीय पालकाने आम्हाला बाजूला घेऊन सांगितले, "मुलांसमोर भारताचं चांगलंच दाखवावं हो." आम्ही विचारले, अन्यायाविरुद्ध उभे राहणारी माणसे ही भारताची चांगली गोष्ट नाही का? त्यांनी उत्तर दिले नाही. त्यानंतर त्यांच्या घरचे आमंत्रणही आले नाही. मुलीची एक मैत्रीण कमी झाली, त्याचे तिला वाईट वाटले आणि आम्हालाही. खरे सांगण्याची किंमत असते, ती लपवून आम्ही तुम्हाला हे करा असे सांगणार नाही.

"भारताचं चांगलंच दाखवा" हा सल्ला नवा नाही. २००५-०६ मध्ये कॅलिफोर्नियात सहावीच्या इतिहासाच्या पुस्तकांतला जात, दलित आणि स्त्रियांचे स्थान यांवरचा मजकूर बदलावा म्हणून काही हिंदू संघटनांनी जोर लावला होता. २०१६ मध्ये पाठ्यक्रमावरून हाच वाद पुन्हा झाला. हिंदू मुलांना कमीपणा वाटतो, असे कारण दिले गेले. आपल्या मुलांचा इतिहासच पुसला गेला तर त्यांना काय वाटेल, हा प्रश्न त्या बाजूने कुणी विचारला नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल हे जातिभेदाला बंदी घालणारे अमेरिकेतले पहिले शहर ठरले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तशाच आशयाचे विधेयक मंजूर केले, पण ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी ते नाकारले. सध्याचे कायदे पुरेसे आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच महिन्याच्या १४ तारखेला मेरीलँडमध्ये बाबासाहेबांचा १९ फुटी पुतळा उभा राहिला. पुतळा उभारणे सोपे झाले आहे. जातीचे नाव कायद्यात लिहून घेणे अजून अवघड आहे. ते लिहून घ्यायला उद्या ज्यांची साक्ष लागेल, ती ही मुले आहेत. ज्यांना आपल्यावर काय होते आहे हे ओळखताच येत नाही, ती साक्ष काय देणार?

म्हणून परदेशी निघालेल्या आणि निघू पाहणाऱ्या तरुणांना आमचे सांगणे आहे. बॅगेत लोणच्याची बरणी ठेवाल, तशी घरातली ही गोष्टही ठेवा: कोण पहिल्यांदा शाळेत गेले, कोण नागपूरला गेले, कुणी गावकी सोडली. आजी-आजोबा आहेत तोवर ते मोबाइलवर बोलते करून घ्या. मुले झाली की सहाव्या-सातव्या वर्षापासून सांगायला लागा, आणि लढा आधी सांगा, अपमान नंतर. आडनाव लपवू नका. मुलांना काळ्या जनतेचा इतिहास स्वतः शिकवा, शाळेवर सोडू नका. आणि जे भारतात आहेत त्यांनी आम्हाला जरूर जाब विचारा. कमावलेल्या डॉलरमधून किती मुलांची फी भरली, हे विचारण्याचा तुमचा हक्क आमच्या पासपोर्टच्या रंगाने संपत नाही.

मुलीला शेवटी आम्ही तिच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिले. कागदावर आम्ही आता अमेरिकन आहोत, तू जन्मापासून आहेस. आणि आपण सगळे बाबासाहेबांची माणसे आहोत, त्याला कुणाचा व्हिसा लागत नाही. ती म्हणाली, "ओके. मग पुढच्या १४ एप्रिलला मी माझ्या वर्गासाठी खीर नेऊ?"

नेणार आहे.

जय भीम!